तळाला होडीचा रंग लावलेले कप

तुम्ही जुनी कपबशी विकत घेता, तेव्हा ती कुणाच्या घरातून बाहेर पडली हे विचारता का?

मी विचारते. विकणाऱ्याला ते आवडत नाही, तरी विचारते. बोईसरच्या भंगारवाल्यांना माझा स्वभाव ठाऊक झालाय. मी दुकानात शिरले की एक जण दुसऱ्याला म्हणतो, "आ गयी मॅडम. अब कप का खानदान पूछेगी."

माझे वडील सांगलीकडून तारापूरच्या कारखान्यात कामाला आले आणि युनियनचे झाले. आमच्या घरात पत्रकं आधी आली, गोष्टींची पुस्तकं नंतर. गुलाबी कागदावरच्या "कामगार बंधूंनो"वर बोट ठेवून मी अक्षरं जुळवायला शिकले. शिळी झालेली पत्रकं आई फडताळात अंथरायची आणि त्यांच्यावर काचेचे ग्लास पालथे घालायची. कागद आणि काच मला एकदमच आवडायला लागले, ते त्या फडताळामुळे. आज माझ्याकडे गेटसभांची पत्रकं आहेत, बंद पडलेल्या थिएटरची तिकिटं आहेत, मनोरच्या बाजारात मिळालेले जाड हिरवे ग्लास आहेत, माकुणसारच्या एका घरातून आलेली फुलांची ताटली आहे. प्रत्येक वस्तू कुणाकडून आली ते मला सांगता येतं. येत नसेल, तर मी ती घेत नाही.

गेल्या थंडीत सातपाटीतल्या एका आळीच्या मंडळाच्या चिटणीसांनी मला मोबाइलवर फोटो पाठवला. फिकट पिवळसर कप, काठाला हिरवी रेघ, आतल्या बाजूला बारीक गुलाब. ही नक्षी मी दोन वर्षं शोधत होते. खाली लिहिलं होतं, "ताई, तुम्हाला आधी दाखवतोय. रविवारी मुंबईचा माणूस येऊन सगळा पेटारा उचलणार आहे."

मी लिहिलं, "कुणाच्या घरचे?"

उत्तर आलं, "मंडळाचे."

दुसऱ्या दिवशी बोईसरच्या मासळीबाजारात गेले. आम्ही जिच्याकडून मासे घेतो ती मावशी सातपाटीचीच. तिला सहज फोटो दाखवला. तिने हातातला पापलेट खाली ठेवला, हात पदराला पुसले आणि मोबाइल डोळ्यांजवळ नेला.

"यातले सा माझे हायेत," ती म्हणाली. "पयल्यांदा स्वतः म्हावरं विकलं ना, तवा घेतलेले. सासू बोलली, मासळीवालीला गुलाबाचे कप कशाला? मी बोलले, चाय प्यायला!"

मग तिने सगळं सांगितलं. कागदी कप आणि केटरर येण्याआधी आळीतलं लग्न म्हणजे आळीभरच्या कपांचं काम. प्रत्येक घराने याच नक्षीचे आपले कप मंडळाच्या पेटाऱ्यात ठेवलेले. ते मिसळू नयेत म्हणून होडी रंगवून उरलेल्या रंगाचा ठिपका तळाला लावायचा. ज्या घराची होडी निळी, त्याचे कप निळ्या ठिपक्याचे. मावशीचा ठिपका लाल. पंधरा दिवसांवर तिच्या मुलीचा साखरपुडा होता आणि होणाऱ्या व्याह्यांना याच कपांतून चहा द्यायचा हे तिने केव्हाच ठरवलेलं. पण ती कप मागायला गेली, तर चिटणीस म्हणाले की कुठला कप कुणाचा हे आता कोण सांगणार?

मी त्याच संध्याकाळी सातपाटीला गेले. चिटणीस वाईट माणूस नाही. कप विकून मंडपाचं नवं कापड घ्यायचं त्यांच्या मनात होतं. त्यांनी देवळामागची खोली उघडली आणि कौतुकाने म्हणाले, "बघा, तळाचे डाग थिनर लावून पार काढले. तो माणूस बोलला, डाग असले की भाव पडतो."

"दादा, ते डाग नव्हते. घरांचे पत्ते होते."

"तुमी लिहिणारी माणसं. बोलण्यात तुमाला कोण हरवणार?"

मी एक कप पालथा केला. तळ खरंच चकचकीत होता. पण कप ज्या कड्यावर उभा राहतो, त्या कड्याला चकाकी नसते. ते खरखरीत असतं आणि लागलेला रंग पिऊन घेतं. जुने कप घेणारी माणसं आधी त्या कड्यावरून बोट फिरवतात. मी कप दिव्याखाली धरला. कड्यात निळी रेघ होती, केसाएवढी.

चिटणीस वाकले. "ये कोणाला दिसणार?"

"ज्यांनी लावलीय त्यांना."

घरी येऊन मी पत्रक लिहिलं. "आळीतल्या मावश्यांनो, वहिन्यांनो! पेटाऱ्यातले कप तुमचे आहेत. रविवारी ते विकले जातील. शनिवारी दुपारी देवळामागच्या खोलीत या. आपला कप ओळखा आणि घरी न्या. विकायचा असेल, तर तसं स्वतःच्या तोंडाने सांगा."

बाबांनी चष्मा लावून वाचलं. "शेवटचं वाक्य काढ. जोर कमी होतो."

"ते राहणार, बाबा. चिटणीसांनी बायकांना विचारलं नाही, म्हणून तर हे पत्रक. मी तरी न विचारता कसं ठरवू?"

बाबांनी कागद परत दिला. "मग ते ठळक कर."

गुलाबी कागदावर प्रती काढल्या आणि बोंबील वाळत घालणाऱ्या बायकांच्या हातांत दिल्या.

"निवडणूक हाय का गो?" एकीने विचारलं.

"कपांची."

"मंग चाय तरी पाज!"

शनिवारी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. चिटणीसांनी खोली उघडून दिली होती आणि गोणपाटावर सगळे कप पालथे मांडले होते. बायका उकिडव्या बसून एकेक कप दाराकडच्या उजेडात धरत होत्या. मावशी आपले लाल शोधत होती, आणि तिच्या कपाळावरची आठी मला लांबूनही दिसत होती.

"ही हिरवी आमची."

"तुमची कसली हिरवी? तुज्या नवऱ्याने पार्टी बदलली की होडीचा रंग बदलायचा. कुठला ठिपका तुमचा, तुला तरी ठावं हाय का?"

खोलीत हशा पिकला. चिटणीससुद्धा हसले. त्यांच्या आईने त्यांच्याच हातात एक कप दिला. "बाला, हा आपला. हा पन विकायला काढलेलास?" त्यांनी तो कप खिडकीत नीट ठेवला.

मावशीला पाच मिळाले. सहावा शेजारणीच्या हातात होता.

"हा माझा," शेजारीण म्हणाली. "माझा पन लाल."

"तुमची होडी पयल्यापासून काळी. लाल तू लग्नात नेसलीस तेवढंच."

शेजारणीने कड्यावरून अंगठा फिरवला. "बरं, तुझा. पन साखरपुड्याला मला बोलावशील, तर देईन."

"बोलावलेलंच हाय. येताना कप घेऊन ये."

तीन घरांनी सांगितलं, आमच्याकडे जागा नाही, आमचे विका. तेवढे मुंबईच्या माणसाने नेले आणि त्यात काही चूक झाली नाही. बाकीचे हातचे गेले म्हणून त्याने मला फोन करून बरंच सुनावलं. मी त्याला विचारलं, तुमच्याकडचे बाकीचे कप कुणाच्या घरचे? त्याने फोन ठेवला. मला त्या नक्षीचा एकही कप मिळाला नाही, आणि माझ्या संग्रहात त्यामुळे काही कमी आहे असं मी मानत नाही.

साखरपुड्याच्या आदल्या दिवशीच शेजारीण सहावा कप देऊन गेली. मावशीने सहाही कप अंगणात पालथे घातले आणि प्रत्येकाच्या तळाला होडीच्या लाल रंगाचा ताजा ठिपका लावला. जुन्या वस्तूंचा व्यापारी ते बघून हळहळला असता. मी तिच्यासाठी रंगाचा डबा धरून बसले होते. दुसऱ्या दिवशी विहीणबाईंनी त्यातला चहा संपवला, कप परत पुढे केला आणि अजून अर्धा मागितला. मावशीने काठोकाठ भरला.

तुमच्या आळीत, चाळीत, सोसायटीत असा एखादा पेटारा असेल. देवळामागे, जिन्याखाली, कार्यालयाच्या माळ्यावर. तो विकायला निघण्याआधी उघडायला लावा. त्यातली भांडी ज्यांनी दिली त्या बायकांना बोलवा, आणि त्या काय म्हणतात ते आधी ऐका. या रविवारीच करा.