तापवलेलं नाही, गरम पाणी

प्रत्येक घरात प्लास्टिकच्या पिशव्यांची एक पिशवी असते. मुद्दाम कुणी साठवत नाही, पण साठत जातात, आणि एक ओढली की चार बाहेर येतात. आमच्या फ्रँकफर्टजवळच्या एश्बॉर्नच्या ऑफिसातल्या मराठी ग्रुपचे किस्से तसेच आहेत. कॉफी मशीनपाशी कुणी नुसतं "टॉवेल घेतलाय ना?" असं म्हणायचा अवकाश, जुनी मंडळी कप खाली ठेवून हसायला लागतात. नवीन आलेल्यांना काही कळत नाही. मग सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं आणि ते काम नेहमी माझ्याच गळ्यात पडतं.

तर, दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट. पराग दाभोळकर आमचा रिलीज मॅनेजर. त्याची आई, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या काकू, तीन महिन्यांसाठी दापोलीहून फ्रँकफर्टला आल्या होत्या. परागने राजवाडे दाखवले, ऱ्हाइनमधली बोट दाखवली. काकूंनी सगळं बघितलं, "छान आहे हो," म्हणाल्या आणि गुडघे चोळत बसल्या.

काकूंची अडचण होती अंघोळीची. परागच्या फ्लॅटमध्ये टब नव्हता, नुसता काचेचा शॉवर. "तीन महिने मी उभ्याने अंघोळ करत्ये," त्या मला फोनवर म्हणाल्या. "पावसात सापडल्यासारखं वाटतं गं." तिकडे दर थंडीत त्या उन्हवऱ्याच्या गरम पाण्याच्या कुंडावर जायच्या, गुडघ्यापर्यंत पाय सोडून बसायच्या. शिल्पाने, त्यांच्या सुनेने, एक मोठा प्लास्टिकचा टब आणून गीझरच्या पाण्याने भरूनही दिला होता. काकूंनी पाय बुडवले, विचार केला आणि म्हणाल्या, "शिल्पा, हे तापवलेलं पाणी आहे. गरम पाणी वेगळं."

मंगळवारचं परतीचं विमान होतं. शनिवार उरला होता एकच.

* * *

परागला डॉक्टरच्या वेटिंग रूममध्ये एक माहितीपत्रक सापडलं. बाड हॉम्बुर्गच्या पुढे, टाउनुसच्या डोंगरात, गरम पाण्याच्या झऱ्यावर बांधलेली शंभर वर्षांपूर्वीची जपानी पद्धतीची सराय! जपानशी चहाचा व्यापार करणाऱ्या कुणा हौशी जर्मन माणसाने तिकडचे सुतार आणून बांधलेली. फोटोत लाकडी हौद, वर वाफा, बाजूला बांबू.

परागने लगेच एक्सेल शीट पाठवली. एस-बान, म्हणजे तिकडची लोकल, किती वाजता, बस किती वाजता, कुणी काय आणायचं. प्रत्येकाच्या नावापुढे "टॉवेल" आणि "स्विमिंग कॉश्च्युम" असे दोन रकाने. काकूंच्या नावापुढे "सुती साडी, जादा". मी टेस्टर. सवयीने विचारलं, "पराग, माहितीपत्रक पूर्ण वाचलंस ना?"

"जा, गेनाऊ," पराग म्हणाला, म्हणजे "हो, अगदी." जर्मनीत राहिलेला मराठी माणूस ठोकून द्यायचं असलं की जर्मनमध्ये बोलतो.

शनिवारी आम्ही पाच जण निघालो. पराग, शिल्पा, काकू, मी आणि माझा नवरा निखिल. काकूंच्या पिशवीत पंचा, तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा आणि पितळी तांब्या. तो त्यांनी दापोलीहून आणला होता आणि तीन महिन्यांत एकदाही वापरला नव्हता. बसमध्ये तो त्यांनी मांडीवर घेतला होता. मी त्यांना इतकं खुशीत कधी बघितलं नव्हतं.

* * *

दारात निळा युनिफॉर्म घातलेले एक उंच, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ उभे होते. हेर लोमान, म्हणजे लोमानसाहेब. तिकीट तेच फाडायचे, माहिती तेच सांगायचे आणि ओरडायचेही तेच. परागने वेळ वाचवायला पँटच्या आत कॉश्च्युम घालूनच आणला होता. गळ्यात टॉवेल अडकवून त्याने विचारलं, "कपडे बदलायची खोली कुठे आहे?"

हेर लोमाननी टॉवेलकडे बघितलं, मग आम्हा पाचही जणांच्या टॉवेलांकडे बघितलं.

"दास इस्ट आइन मुझेउम," ते म्हणाले.

माहितीपत्रकाच्या तिसऱ्या पानावर ते मोठ्या अक्षरांत छापलं होतं. सराय बंद होऊन कित्येक वर्षं झाली होती, आता म्युझियम होतं. पाण्यात उतरायचं नव्हतं, बघायचं होतं. पण फोटो दुसऱ्याच पानावर संपले होते आणि परागचं वाचनही तिथेच संपलं होतं.

"मी विचारलं होतं," मी म्हटलं.

"तू नंतर बग रिपोर्ट कर," पराग म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता. आईला कसं सांगायचं, हे काही एक्सेलमध्ये नव्हतं. शेवटी शिल्पाने सांगितलं, "अहो आई, आत जायचं, पण पाणी नुसतं बघायचंय."

काकूंनी तांब्या पिशवीत परत ठेवला. "बघू तर खरं," म्हणाल्या.

* * *

आत जाताना जोडे काढायचे होते. आमच्याबरोबर आत शिरलेले जर्मन पाहुणे गडबडले. कुणी एका पायावर नाचतंय, कुणी फितीच्या गाठीशी झटापट करतंय, एक आजोबा "मोजेपण काढायचे का?" म्हणून घाबरलेले. आम्ही पाच जण पाच सेकंदांत मोकळे! काकू तर चालता चालताच चपलांतून बाहेर आल्या. हेर लोमाननी पहिल्यांदा मान डोलावली. आपल्या संस्कृतीचा विजय झाला असं आम्हाला वाटेपर्यंत निखिलचा अंगठा मोज्यातून बाहेर डोकावला.

पुढच्या खोलीच्या खिडकीतून काकूंनी मागे बघितलं. हेर लोमान खाली वाकून आमचा जोड्यांचा ढीग नीट रांगेत लावत होते, प्रत्येक जोडीचं तोंड दाराकडे.

"पराग," काकू हळूच म्हणाल्या, "आपल्याला निघायला सांगतायत का रे?"

"आई, जपानमध्ये तशी पद्धत आहे. जाताना पटकन घालता यावेत म्हणून."

"मग चांगलं आहे. माणूस व्यवस्थित दिसतो," काकू म्हणाल्या.

* * *

तिसरी खोली म्हणजे मोरी. हौदात उतरण्याआधी जपानी लोक तिथे बसून अंग धुतात. भिंतीशी लाकडी बादल्या आणि बसायला बुटके लाकडी पाट, प्रत्येकावर नंबराची चिठ्ठी. आम्ही माहितीचा बोर्ड वाचत होतो. शिल्पा म्हणाली, "आई कुठेयत?"

काकू सात नंबरच्या पाटावर बसल्या होत्या. तीन महिन्यांनी पाट दिसला होता, बसल्या. लगेच कुठेतरी पीं पीं पीं सुरू झालं.

हेर लोमान धावत आले. "बिटे निष्ट बेर्यूरन!"

"काय म्हणतायत?"

"हात लावू नका म्हणतायत," पराग घामाघूम.

"हात कुठे लावलाय? मी बसल्ये," काकू म्हणाल्या.

मग लक्षात आलं की काकूंना उठता येत नाहीये. बसणं सोपं होतं, उठायला गुडघे हवेत. पराग पुढे व्हायच्या आत हेर लोमान स्वतःच वाकले आणि त्यांनी हात दिला. वाकताना त्यांच्या उजव्या गुडघ्याचा असा कट्ट आवाज झाला की पींपींवरूनही ऐकू आला. काकू उभ्या राहिल्या. त्यांनी हेर लोमानच्या तोंडाकडे नाही, गुडघ्याकडे बघितलं.

"अगं बाई," एवढंच म्हणाल्या.

* * *

शेवटी मोठा हौद. सुंदर, काळ्या लाकडाचा आणि ठणठणीत कोरडा. हेर लोमाननी विचारलं, काही प्रश्न? परागने सहा प्रश्न विचारले. झरा अजून आहे का? आहे. पाणी अजून गरम? हो. मग जातं कुठे? फरशीखालून पाइपने मागच्या ओढ्यात.

काकूंना ते मराठीत कळलं तेव्हा त्या मटकन बाकावर बसल्या. "म्हणजे एवढं गरम पाणी नुसतं वाया चाललंय?"

परागने टॉवेल लपवला, घसा खाकरला आणि सरळ विनंती केली. आई मंगळवारी भारतात जातेय, गुडघे दुखतात, पाच मिनिटं फक्त पाय बुडवायचे आहेत. हेर लोमान तोंड उघडून सुरू झाले. आल्झो, म्हणजे 'तर', विमा. आल्झो, आरोग्यखातं. आल्झो, ऐतिहासिक वास्तू जतन करण्याचा कायदा, त्याचं कलम, त्याचं उपकलम. चांगली पाच मिनिटं.

"काय म्हणाले?" काकूंनी विचारलं.

"नाही म्हणाले."

"एवढं लांब नाही?"

आम्ही हसलो, पण मला वाईटही वाटलं. बाहेर बागेत बाकावर बसलो. पराग म्हणाला, "तीन महिन्यांत तिने एकच गोष्ट मागितली गं." काकू उठल्या आणि म्हणाल्या, "मी जरा बाथरूमला जाऊन येते. तुम्ही पुऱ्या खा."

खायला म्हणून शिल्पाने पिशवी उघडली. पुऱ्यांचा डबा नव्हता. तांब्याही नव्हता.

* * *

वीस मिनिटं झाली, काकूंचा पत्ता नाही. चारची बस गाठायची होती, पुढची दोन तासांनी. बाथरूम रिकामं. हौद रिकामा. मोरीही रिकामी, आणि मी टेस्टर असल्यामुळे माझ्या लक्षात आलं की सहा आणि सात नंबरचे पाट जागेवर नाहीत. आणि कुठेही पीं पीं वाजत नव्हतं.

निखिलला इमारतीच्या मागे एक दार सापडलं. त्यावर "प्रवेश बंद" अशी पाटी. पाटीखाली दोन जोड्या, काकूंच्या चपला आणि भलेमोठे काळे बूट, नीट शेजारी शेजारी, तोंडं बाहेरच्या दिशेला.

परागने दार ढकललं. छोटीशी पंपाची खोली, आत वाफच वाफ. खुंटीवर काकूंचा स्वेटर, त्याच्या शेजारी निळ्या युनिफॉर्मचा कोट. फरशीतल्या उघड्या पन्हळीतून गरम पाणी खळखळ वाहत होतं. सात नंबरच्या पाटावर काकू, सहा नंबरच्या पाटावर हेर लोमान, पँट गुडघ्याच्या वर दुमडलेली. चारही पाय पाण्यात. मध्ये पुऱ्यांचा डबा, जवळजवळ रिकामा. काकू तांब्याने आधी स्वतःच्या गुडघ्यांवर पाणी घालत होत्या, मग त्यांच्या.

काकूंना जर्मनचा एक शब्द येत नाही. हेर लोमानना मराठीचा येणं शक्यच नाही.

"आई!" पराग जवळजवळ किंचाळला. "तू त्यांना सांगितलंस तरी काय?"

काकूंनी तोंडावर बोट ठेवलं.

"हळू बोल. त्यांचा आत्ता कुठे डोळा लागलाय."