बोट भाईर!

मुलींनाही नेमबाजीला घ्या, हे पत्रक मीच लिहिलं होतं. सायक्लोस्टाइल करून बेळगावच्या कॉलेजांत वाटलंही होतं. अठराच्या आतली मुलं चालतात, मग मुली का नकोत? क्लबाच्या समितीनं शेवटी कंटाळून आम्हा चौघींना घेतलं. अट एकच: एक जरी चूक झाली, तर मुलींचं बंद. त्या अटीवरही मी एक पत्रक काढलं.

काकतीजवळ डोंगराच्या पायथ्याला क्लबाची रेंज, म्हणजे गोळ्या झाडायची जागा होती. शिकवायला निवृत्त सुभेदार. सगळे त्यांना आप्पा म्हणत. तीन महिने आप्पांनी गोळीच दिली नाही. रिकामं पिस्तूल आणि जमिनीवर चुन्याच्या तीन रेघा. एका रेघेवर नेम धरायचा, मग चालत पुढच्या रेघेवर जायचं. चालताना नळी डोंगराकडे, बोट ट्रिगरच्या बाहेर, सरळ. जरा वाकलं की आप्पा ओरडायचे, "बोट भाईर गं!" मला वाटायचं, हे आम्हाला कंटाळवून घालवायचे धंदे. मुलांनाही तेच करावं लागत होतं, एवढं मात्र मी पत्रकात घातलं नाही.

स्पर्धेच्या दिवशी मुलींत पहिली मी. पहिल्या रेघेवर दोन गोळ्या, दुसरीवर दोन. तिसरीकडे निघाले तोच मागून समितीचे अध्यक्ष बोलले, "वेणी सांभाळ गं आधी!"

उत्तर द्यायला मी वळले. बोलताना माणसाकडे वळायची माझी सवयच. पिस्तूलही माझ्यासोबत वळलं.

"थांब!"

मी थिजले. नळी माणसांपर्यंत पोचली नव्हती, अर्ध्या वाटेवर होती. आप्पांनी बाजूनं येऊन माझं मनगट धरलं, हात डोंगराकडे फिरवला, पिस्तुलातल्या गोळ्या काढल्या. 

"जा भाईर. आजचा तुजा खेळ संपला."

"पण आप्पा, ते बोलले म्हणून..."

"गोळीला ऐकू येतंय व्हय ते?"

अध्यक्ष पुढे आले. "बघा, मी म्हणत न्हवतो? पोरींचं बंद करा."

"गेल्या साली वकीलसाहेब असंच वळलेते," आप्पा म्हणाले. "तवा वकील बंद केले काय? चूक हिची. हिला काढली. आन् फायरिंग चालू असताना बोललं कोण? तुमी बी भाईर, साहेब."

एवढी पत्रकं लिहिली, पण हे मला एकदाही सुचलं नव्हतं. आणि अध्यक्ष खरंच निघाले! मान खाली घालून, माझ्या मागोमाग रेंजच्या दोरीबाहेर येऊन उभे राहिले.

माझ्यानंतर कंग्राळी गावची पोर. चौदा वर्षांची, आमच्यात सगळ्यात लहान. ती पहिल्या रेघेवर उभी राहिली आणि सगळं रान गप्प झालं. दोन गोळ्या. मग ती चालायला लागली. एवढीशी पोर, एवढी माणसं, आणि कुणी श्वाससुद्धा मोठ्यानं घेईना. निशाणाच्या पुठ्ठ्यावर भोकं कुठं पडली ते मी बघितलंच नाही.

"बोट भाईर हाय न्हवं गं तिचं?" शेजारून अध्यक्षांनी हळूच विचारलं.

"हाय," मी म्हटलं. मान न वळवता.