पहिला पर्याय

लातूरच्या एका कॉलेजातून फोन आला तेव्हा मी नांदेडला होतो. लॅबमधल्या सगळ्या कॉम्प्युटरवरचं मुलांचं जूनपासूनचं काम पुसलं गेलं होतं. मी नेटवर्कची कामं करतो. मला बोलावलं ते मशिनी पुन्हा उभ्या करायला. कारण शोधायची गरज नाही म्हणे, ते सापडलंय. लॅब सांभाळणारे चाचा.

त्या मशिनी सुरू होताना आधी सर्व्हरला विचारतात आणि पडद्यावर दोन पर्याय येतात. पहिला, आहे ते चालू करा. दुसरा, सगळं पुसून नवीन सिस्टीम टाका. एरवी तिथं मशीन बंद करायची पद्धतच नव्हती, संध्याकाळी नुसते पडदे मालवायचे. खंडेनवमीला मात्र पूजेसाठी सगळ्या बंद केल्या. झेंडूची फुलं दरवर्षीप्रमाणं चाचांनीच आणली होती. सुट्टी संपल्यावर त्यांनी एकेक मशीन चालू केली, पहिला पर्याय दाबला आणि चहाला गेले. परत आले तोवर सगळं साफ.

नेमकं पूजेनंतरच कसं झालं, अशी कुजबुज सुरू झाली. तिचा रोख कुणाकडं होता ते मला लगेच कळलं, आणि किळस आली.

चाचा गेटपाशी भेटले. माफीनामा आणि राजीनामा, दोन्हीवर सही करून निघाले होते. "सर, खुदा कसम, म्या पयलंच दाबलं व्हतं," एवढंच म्हणाले.

मी एका मशीनवर पहिला पर्याय दाबला. ती मुकाट दुसऱ्यावर गेली. कीबोर्ड बदलला, मशीन बदलली, तरी तेच. मग सर्व्हरवरची मेनूची फाईल उघडली. उत्तर घेऊन झाल्यावर खाली एक ओळ होती: उत्तर काहीही असो, नवीन सिस्टीम टाका. उन्हाळ्यात सगळ्या मशिनींत एकदम नवीन सिस्टीम भरताना कुणीतरी ती घातली आणि काढायची राहिली; त्यानंतर मशिनी बंद झाल्या त्या थेट खंडेनवमीला. विचारायचं फक्त नाटक चाललं होतं.

मी प्राचार्यांना ओढत आणून दाखवलं. त्यांनी दोनदा स्वतः बटण दाबून बघितलं. मग चष्मा पुसत म्हणाले, "आता झालं गेलं. कशाला उकरायचं?" माझं डोकं फिरलं. नको ते बोललो. पुन्हा त्या कॉलेजचं काम मिळालं नाही, त्याचं वाईट वाटत नाही.

चाचा कंधारला लेकीकडं राहायला गेल्याचं कळलं, म्हणून एका दुपारी तिथं गेलो. सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"असू द्या सर. इतके लोक म्हणून राहिले तर चुकलंच असंल माझं बोट. घरीबी तसंच सांगितलं म्या."

"चाचा, मी डोळ्यांनी बघितलंय. तुमचं बोट चुकलं नव्हतं."

"हाव," ते म्हणाले. मला बरं वाटावं म्हणून म्हणाले, हे दिसत होतं.

निघताना म्हणालो, माझा नंबर घेऊन ठेवा. त्यांनी खिशातून मोबाईल काढला, हातात धरला, आणि आतल्या लेकीला हाक मारली.

"तूच दाब गं बेटा," म्हणाले. "माझ्यानं चुकतं."