चोकअप आणि मामीचं अंडं

आमचा मामा प्लंबर. जगातल्या प्रत्येक दुखण्याचं मूळ त्याच्या मते पाइपात असतं. कुणाचं नाक वाहू लागलं तरी हा विचारणार, "वायसर गेला काय?" मामीला विसरण्याचा आजार झाला, तेव्हा मात्र त्याला पाइप सापडेना. चष्मा विसरली, गॅस विसरली, इथवर ठीक होतं. एका दुपारी तिने त्यालाच दारात अडवलं. "बेसिन तुंबलंय, जरा बघता का मिस्त्री?" मामाने निमूट पान्हा काढला आणि चांगलं वाहणारं बेसिन बराच वेळ ठोकत बसला. उद्या आपण हिला कायमचे मिस्त्रीच झालो तर, हीच एक धास्ती त्याने घेतली.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की या आजारात मेंदूतल्या काही प्रोटीनची ठेवण बिघडते. एक पेशींच्या बाहेर साचत जातं, दुसरं पेशींच्या आत गुंता करतं. पुढचं मामाने ऐकलंच नाही. साचतं म्हणजे चोकअप! आणि चोकअप झालं की पहिलं काम, वरचा कॉक बंद. घरी येऊन त्याने अंडी, दूध, डाळी, सगळं शेजाऱ्यांना वाटून टाकलं.

मामीला सकाळी उकडलेलं अंडं लागायचंच. ती रोज मागायची, हा रोज बंदी समजावायचा आणि ती रोज नव्याने भडकायची. "अहो, एका अंड्यासाठी जीव घेताय का माझा?" मी मध्ये पडलो, तर मामा म्हणतो, "तू कधी तुंबलेला पाइप उघडलायस?" आता या माणसापुढे कुठे डोकं फोडायचं!

पुढच्या तपासणीला मामीचं वजन उतरलेलं निघालं. डॉक्टरीणबाईंनी मामाची बिनपाण्याने केली. "अहो, ते प्रोटीन मेंदूतच तयार होतं! खाल्लेलं अंडं पोटात पचतं, डोक्यात जाऊन बसत नाही."

"मग साफ कसं करायचं?"

"पुरतं साफ करता येत नाही. त्यांना नीट खाऊ घाला आणि जवळ राहा."

परतताना मामाने वाटेत अंडी घेतली. इतका राग आला होता मला त्याचा, पण तेव्हा वाईटच वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो, तर मामा स्वतः अंडं सोलत होता. मीठ भुरभुरून त्याने बशी मामीपुढे ठेवली. मामीने बशीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "तुम्ही आणलंत, मिस्त्री?"

मामाचा चेहरा उतरला. मामीने दाराकडे नजर टाकली, अर्धं अंडं त्याच्या हातावर ठेवलं आणि आवाज खाली आणला. "लवकर खाऊन टाका. आमचे हे आले तर दोघांचंही काढून घेतील. अंड्यांच्या मुळावर उठलेत अगदी."

मामाने हातातल्या अर्ध्या अंड्याकडे पाहिलं. मग चाचरत म्हणाला, "फारच चक्रम दिसतोय तुमचा नवरा."

"ओ मिस्त्री!" मामी कडाडली. "त्यांना नावं मी ठेवीन. तुम्ही बेसिनचं बघा."

मामाने मान खाली घालून अंडं संपवलं. मला सोडायला फाटकापर्यंत आला, तेव्हा डोळे पुसत होता आणि हसतही होता.

"ओळखलं नाही रे तिने मला," तो म्हणाला. "पण बाजू माझीच घेतली."