अनारशांचा डबा आणि डॉक्टरबाई

आठवीत शाळा सोडली तेव्हापासून मनात बसलेली छापील कागदाची भीती अजून गेलेली नाही. वरोऱ्याजवळच्या कोळसा खाणीत मी डंपर चालवत होतो, तेव्हा खाणीच्या दवाखान्यातून माझ्या एकट्याच्या नावाची चिठ्ठी आली आणि ती मी घडी न उघडताच खिशात घातली. दिवाळी झाल्यावर सगळ्या चालकांची लघवी ठेकेदाराने तपासायला घेतली होती. नशेत कुणी गाडी चालवू नये म्हणून. मी तर सुपारीही खात नव्हतो.

खोलीत आम्ही चौघं. शेजारच्या खाटेवर जिवती गावचे भाऊ, वर्कशॉपात फिटर, वयाने सगळ्यांत मोठे. त्यांनी सल्ला दिला, "काहीबी विचारलं तं नाई म्हणजो. एक हो म्हटलं का मागं दहा सवाल येते."

डॉक्टरबाईही भाऊंच्याच भागातल्या. त्यांनी दार लावलं, मला खुर्ची दिली. "भाऊ, तुमच्या लघवीत अफूच्या जातीचं काही दिसून राह्यलं."

सांगलीकडचं घर माझ्या पगारावर चालत होतं. नोकरी गेली, तीही अफूपायी, तर आईला तोंड कसं दाखवू?

"खोकल्याचं औषध घेतलं?"

"न्हाई."

"दुखण्याची गोळी?"

"न्हाई."

"दिवाळीत काय खाल्लं?"

"काय न्हाई, बाई."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "दिवाळीत उपास धरला होता का काय?" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "हे पाहा, कागद साहेबाकडे जायच्या आधी माझ्याकडं येते. मशीन सांगते काय सापडलं. काऊन सापडलं, ते मले विचारा लागते. तुम्ही नाई-नाई करसाल, तं मी लिहू काय?"

तेव्हा बोललो. आईनं अनारशांचा डबा पाठवला होता. ती खसखस अशी थापते की खालचं पीठ दिसत नाही. दोन दिवसांत मी जवळजवळ सगळे संपवले होते, तळाशी साठलेली खसखससुद्धा चिमटीने.

"खसखस अफूच्या बोंडातलीच असते, भाऊ. मग हे सांगायले लाज कशाची?"

लाज वेगळीच होती. आमच्या खोलीची रीत अशी, की घरून आलेलं काहीही मधोमध वर्तमानपत्रावर उघडायचं. भाऊंच्या घरचे तिळाचे लाडू मी त्याच कागदावरून खाल्ले होते. आणि माझ्या पार्सलात नुसते कपडे आहेत, असं सांगून डबा खाटेखाली सरकवला होता. आईच्या हातचं एवढंच तर मिळायचं वर्षातून.

"उरले असतील तं घेऊन या," बाई म्हणाल्या.

रात्री खाटेखालून डबा ओढला तेव्हा भाऊ जागेच होते. सगळं सांगावं लागलं. त्यांनी डबा उघडून आत डोकावलं. मग म्हणाले, "म्हंजे अफूबी एकट्यानंच खाल्ली तू."

उरलेले चार अनारसे बाईंनी उलटसुलट करून पाहिले. माझे डोळे तपासले, सुईचे डाग आहेत का म्हणून दंड पाहिले, आधीच्या दुखण्यांची चौकशी केली. "आठ दिवस खसखस बंद अन् गाडीबी बंद. मग परत नमुना घेऊ." तोवर मला टायरच्या गोदामात ठेवलं. ऑफिसात त्यांनी एवढंच कळवलं होतं, की तपासणी पुरी व्हायची आहे. ते आठ दिवस मी चहासुद्धा आत वाकून बघून पीत होतो.

दुसरा नमुना स्वच्छ निघाला. बाईंनी अहवाल माझ्यापुढे ठेवला आणि इंग्रजी ओळीवर बोट फिरवत मराठीत वाचून दाखवला: आहारामुळे दिसलं, नशेचा पुरावा नाही, गाडी चालवायला हरकत नाही. नुसता हातात दिला असता तरी चाललं असतं. पण माझं कागदाकडे बघणं त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं असावं.

पुढच्या दिवाळीआधी आईला फोनवर म्हटलं, यंदा खसखस नको. ती म्हणाली, "मग त्येला अनारसा कोण म्हनंल?" आणि दुप्पट पाठवले.

डबा वर्तमानपत्रावर उघडला. दोन अनारसे बाईंसाठी बाजूला काढले. बाकीचे तिघं खात होते, मी बघत होतो. भाऊंनी एक उचलला, नखाने खसखस नीट खरवडून काढली, फुंकर मारली आणि माझ्या हातावर ठेवला.

"हा तुह्या. सोमवारी तपासणी हाये."