आत्याबाईंचा शुक्रवार

श्रावणातल्या शुक्रवारी अख्ख्या नाशकात जेवढं म्हणून पुरण शिजतं, त्यातलं निम्मं तरी माझ्या आतेसासूबाईंच्या नजरेखालून जातं, अशी माझी कितीतरी वर्षं पक्की समजूत होती. नजरेखालून हे आपलं म्हणायचं म्हणून. जायचं ते पोटातच. माझ्या सासऱ्यांच्या या धाकट्या भगिनी आमच्याच गल्लीत, दोन इमारती सोडून राहायच्या. व्यवसाय म्हणाल तर सवाष्ण. हसू नका. नवरा हयात असला की बाई आपोआप सवाष्ण होते हे खरं, पण शुक्रवारी देवीच्या नावानं एक सवाष्ण जेवू घालायची म्हणून शोधायला निघा बरं! एक ऑफिसात असते, दुसरी डाएटवर असते, तिसरी 'मी असलं काही मानत नाही बाई' म्हणून मोकळी होते. मग सगळ्यांना आमच्या आत्याबाई आठवायच्या.

पण त्याही सुखासुखी मिळायच्या नाहीत. बोलावणं दारात येऊन, हळदकुंकू लावूनच करायला हवं. एकीनं फोनवर मेसेज धाडला, तर तिला उलट फोन करून झापलं होतं. "वणीच्या देवीला मेसेज टाकतेस का गं? जातेस ना गड चढून? मग माझे दोन जिने चढायला काय झालं?" एकदा पाटावर बसल्या की मात्र समोरच्या बाईनं धन्य व्हावं. पुरणपोळीला नको म्हणणं त्यांच्या शास्त्रात बसत नव्हतं. "सवाष्णीच्या रूपानं देवी जेवते. देवी काय अर्ध्या पोळीवर उठेल?" असं म्हणून त्या तुपाची वाटी स्वतःच पुढे ओढायच्या. आमटी पातळ झाली असेल तर तेही देवीच्या वतीनं सांगायच्या. ओटी भरून घेताना खणाचं सूत बोटानं चोळून बघायच्या, आणि तरीही त्यांना बोलावण्यासाठी बायकांमध्ये चढाओढ असायची. आमच्या घरी त्यांचा पहिला मान. सवाष्ण आणि माहेरवाशीण असे दोन्ही हुद्दे त्यांच्याकडे होते ना!

या सगळ्या वैभवाचा आधार म्हणजे त्यांचे यजमान, आमचे आतोबा. अतिशय गरीब माणूस. आत्याबाई त्यांना चारचौघांत 'माझं लायसन' म्हणायच्या आणि लायसनसारखंच जपायच्याही. आषाढात त्यांची रक्त-लघवी तपासून आणायची, दातसुद्धा दाखवून घ्यायचे. श्रावणभर स्कूटरला हात लावायचा नाही, आणि हायवेवरच्या द्वारका चौकाकडे तर फिरकायचंही नाही. "ट्रकवाले बघत नाहीत अहो! महिना संपू दे, मग कुठं जायचं तिथं जा." आतोबा नुसते हसायचे. एकदा श्रावणात त्यांना साधी सर्दी झाली, तर आत्याबाईंनी त्यांना एवढे काढे पाजले की सर्दी परवडली असती.

त्यांच्या घरी शुक्रवारी दुपारचा स्वयंपाक व्हायचा नाही. आतोबा सकाळची खिचडी गरम करून एकटे जेवायचे आणि दाराशी खुर्ची टाकून वाट बघायचे. आत्याबाई जिना चढून आल्या की त्यांचा एकच प्रश्न, "काय काय होतं?" मग आत्याबाई चपलाही न काढता सुरू करायच्या. ताटाच्या डाव्या बाजूपासून. चटणी कसली, कोशिंबिरीला फोडणी होती की नाही, पुरणात जायफळ होतं की नुसतीच वेलची. आतोबा डोळे मिटून ऐकायचे, मधेच "आणि आमटी?" म्हणून आठवण करायचे. एकदा मी हे पाहिलं आणि म्हटलं, "आतोबा, डबा देते ना मी!" तर म्हणाले, "नको गं, डब्यात ती मजा नाही."

आत्याबाईंच्या नियमांतून इतरही सुटले नव्हते. माझे सासरे गेले, त्यानंतरच्या श्रावणातल्या पहिल्याच शुक्रवारी त्यांनी सासूबाईंच्या हातातला करंडा काढून माझ्या हातात दिला. "वहिनी, आता सूनबाई लावेल हळदकुंकू." तेव्हापासून सासूबाई सगळा स्वयंपाक करायच्या आणि पंगतीच्या वेळी ओट्यापाशी उभ्या राहायच्या. ज्यांनी पुरण वाटलं त्यांनीच बाहेर यायचं नाही! मला आत्याबाईंचा असा राग आला होता म्हणून सांगू! पण सासूबाई म्हणाल्या, "जाऊ दे गं. तिला तसंच शिकवलंय. मलाही तसंच शिकवलं होतं."

गेल्या फाल्गुनात आतोबा गेले. सर्दी नाही, ट्रक नाही. दुपारी झोपले ते उठलेच नाहीत.

श्रावण आला. ज्या जिन्यावर बायकांची रांग लागायची, तिथं कुणी फिरकलं नाही. बोलवायचं तरी कसं, आणि नाही बोलवायचं तर तोंड कसं दाखवायचं, असं सगळ्यांचंच झालं होतं. माझंही. पहिल्या शुक्रवारी मी वरच्या मजल्यावरची नवी सून सवाष्ण म्हणून सांगितली. ती बिचारी आली, पाटावर बसली आणि म्हणाली, "काकू, मी साखर सोडलीय. पुरण अगदी चमचाभर वाढा."

मी तो चमचाभर वाढत असतानाच दार लोटलं गेलं. दारात आत्याबाई! कपाळ मोकळं, पण नेसलेलं तेच शुक्रवारचं जांभळं रेशमी, हातात ओटीचं सामान न्यायची तीच कापडी पिशवी. नेहमीच्या वेळी, नेहमीच्या तोऱ्यात त्या आत आल्या. पाटावरची पोरगी पाहिली. आणि एकदम थांबल्या.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "मी कशी काय आले?"

पिशवीची घडी करत त्या कसंनुसं हसल्या. "पायांना कुठं कळतंय मेलं! शुक्रवार म्हटला की निघाले. बोलावणंसुद्धा नाही, बघ ना. जेवा गं तुम्ही." आणि वळल्या.

"वन्सं!" स्वयंपाकघरातून हाक आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा सासूबाई पंगतीच्या वेळी बाहेर आल्या होत्या. पुरणानं भरलेल्या हातानंच त्यांनी दुसरा पाट ओढला. "बसा."

"कोण म्हणून बसू, वहिनी?" आत्याबाईंनी विचारलं. त्यांचा आवाज इतका लहान झालेला मी कधी ऐकला नव्हता.

"या घरची लेक म्हणून. सवाष्ण तुम्ही लग्नानंतर झालात. लेक त्याच्या आधीपासून आहात. बसा, पोळी निवतेय."

आत्याबाई बसल्या. तिकडे बघायचं नाही असं ठरवूनही मी बघत होते. पदरानं डोळे पुसून त्यांनी तुपाची वाटी पुढे ओढली आणि दीड पोळी खाल्ली. देवीच्या मानानं ते काहीच नव्हतं. पण उठताना सासूबाईंचा हात धरून म्हणाल्या, "वहिनी, तुम्हीही बसायचं होतं हो माझ्या शेजारी." सासूबाई म्हणाल्या, "पुढच्या शुक्रवारी बसू."

मग एकाएकी त्यांना घाईच झाली. नेहमी जेवण झाल्यावर व्हायची तशीच. "चला, निघते, यांना..." म्हणत पिशवी उचलली. मी त्यांना पोचवायला गेले. दाराला कुलूप होतं. ते त्यांना पटकन उघडेना, तेव्हा मी उघडलं. आतोबांची खुर्ची आत दाराशीच होती. आत्याबाई चपला न काढता तिच्यासमोर उभ्या राहिल्या. मला रडूच यायला लागलं. काय करावं कळेना, म्हणून मी त्या खुर्चीत बसले.

"आत्याबाई," मी म्हटलं, "काय काय होतं हो आज?"

सगळा स्वयंपाक आमच्याच घरचा, चटणी तर मीच केलेली, वाढलंही माझ्याच हातांनी. आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग भिंतीला टेकून हळूच खाली बसल्या, आणि ताटाच्या डाव्या बाजूपासून सुरुवात केली.

"चटणी खोबऱ्याची होती," त्या म्हणाल्या, "पण सूनबाई मीठ घालायला विसरली होती मेली."