नारळ फुटायच्या आधी

माझे अक्षर वाईट आहे. ऱ्हस्व कुठे आणि दीर्घ कुठे हे मला कधीच उमगले नाही. चौथीपर्यंत शिकले, तेही माहेरी, आणि सासरी आल्यावर हातात लेखणी धरायचे कारणच पडले नाही. हे कुणासाठी लिहीत नाही. तरी कुणाच्या हाती लागलेच तर चुकांबद्दल आधीच माफी मागते. चुका अक्षरांच्या आहेत, सांगण्यात काही खोटे नाही.

माझे सासर चकलांब्याकडचे, म्हणजे मोगलाईतले, निजामाच्या राज्यातले. माहेर नगर जिल्ह्यात, इंग्रजी हद्दीत. गाडीने गेले तर एका दिवसात पोचता यायचे, पण राज्य वेगळे, नाणे वेगळे.

सासरी पिण्याच्या पाण्याची गावविहीर नव्हती. उन्हाळ्यात आम्ही बाया नदीच्या वाळूत झिरे उकरायचो. हातभर खड्डा करायचा आणि पाणी पाझरायची वाट बघत बसायचे. मग वाटीने घागर भरायची. निम्मी भरली की खालची वाळू ढवळायची, आणि पुन्हा बसायचे. माझ्या शेजारी एक काकी राहायची. तिचा नवरा लवकर गेलेला, एक पाय अधू. ती घागर घेऊन परत यायची तेव्हा वाटेत किती ठिकाणी टेकायची, ते बघवत नसे.

मग विहीर मंजूर झाली. साऱ्याबरोबर लोकल फंडाची पट्टी आम्ही भरतच होतो. त्यातून निम्मे पैसे मिळणार आणि निम्मे गावाने घालायचे, असे ठरले. खणायचा गुत्ता, म्हणजे ठेका, सारा वसूल करणाऱ्या गावच्या माली पाटलाने स्वतःकडे घेतला. ज्यांच्याकडे रोकड नव्हती त्यांनी जोंधळे दिले. बायांनी अंगावरचे दिले. काकीने हातातले चांदीचे गोठ दिले. ते तिला नवऱ्याने केले होते, आणि तो गेल्यावर तिने ते घातले नव्हते, पण मोडलेही नव्हते. ती म्हणाली, "माझ्या पायाला इहीर जवळ येती, मला गोठ काय करायचेत?"

विहीर दोन पुरुष खोल गेली, खाली काळा पाषाण लागला आणि काम थांबले. पाटील म्हणायचा सुरुंगाची दारू यायची आहे. दोन उन्हाळे गेले. दारू आली नाही. पाटलाच्या घरावर मात्र माडी चढली, आणि वडवणीकडच्या मोठ्या घराण्यात त्याच्या मुलीची सोयरीक जमली.

एकदा गेवराईहून तहसीलदार साहेब पाहणीला आले. माझे सासरे गावच्या पंचांपैकी, त्यामुळे ते सोबत होते. घरी आल्यावर जेवता जेवता सासूबाईंना म्हणाले, "पाटलानं साहेबाला सोताच्या मळ्यातली इहीर दावली. म्हणला, ही गावची. साहेबानं वाकून पाणी बघितलं, म्हणला, उमदा काम है."

सासूबाई म्हणाल्या, "मग तुमी काय म्हणलात?"

"मी काय म्हणणार? साहेबापुढं पाटलाला खोटं पाडू? उद्या मला कोन ऱ्हाऊ देईल?"

मी चुलीपुढे होते. माझी भाकरी तव्यावर करपली आणि त्यावरून मला बोलणी बसली. चाळीस घरांचे पाणी एका माणसाने गिळले त्याबद्दल कुणी कुणाला बोलले नाही. ती करपलेली भाकरी मीच खाल्ली, आणि रागाने मला ती गोडही लागली नाही आणि कडूही लागली नाही.

त्या दिवाळीला मी माहेरी गेले. माझा थोरला भाऊ शाळेत मास्तर. त्याच्याकडे वर्तमानपत्र यायचे आणि तो ओसरीवर बसून मोठ्याने वाचायचा. दिल्लीच्या कायदेमंडळातली हकीकत होती. कुणा सभासदाने सरकारला विचारले होते, की साहेबलोकांच्या बंगल्यांच्या डागडुजीवर किती खर्च झाला आणि तो कुणाच्या मंजुरीने झाला.

मी आतून विचारले, "दादा, असं सरकारला तोंडावर इचारता येतं?"

"येतं की. आणि सरकारच्या माणसाला उठून उत्तर द्यावं लागतं."

"मग काय उत्तर दिलं?"

दादा हसला. "म्हणाला, माहिती गोळा करण्याचं काम चालू आहे."

"म्हणजे काहीच न्हाई दिलं."

"थांब, पुढं ऐक. तो सभासदही वस्ताद. त्यानं लगेच दुसरा प्रश्न टाकला, की गोळा करायला सुरुवात कधी केली? त्यावर साहेबाची बोबडी वळली."

वहिनी हसली. मला हसू आले नाही. ते सरकार परक्याचे. त्यालाही निदान उठून काहीतरी म्हणावे लागते. आमच्याकडे उठायचे ते रयतेने, आणि हात जोडून. मोगलाईत प्रश्न विचारायला जागाच नव्हती. होता तो अर्ज, तोही उर्दूत, लिहिणाऱ्याला पैसे मोजून. अर्जात आपण पायाशी असतो. मला पहिल्यांदा कळले की प्रश्नात माणूस समोरासमोर असतो.

परत आल्यावर झिऱ्यापाशी बसून मी हे सगळे काकीला सांगितले. ती म्हणाली, "अगं माय, आपल्याकडं बी हाय की अशी सभा. देवीचा हिशेब."

आमच्या गावच्या देवीची जत्रा चैत्रात. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी पारावर वर्गणीचा हिशेब तोंडी सांगतात. गुलाल किती, वाजंत्री किती, तेल किती, खोबऱ्याच्या वाटीपर्यंत. मग नारळ हातात घेऊन तीनदा विचारतात, "कुणाचं काही म्हणणं हाय का?" तो नारळ फुटेपर्यंत कुणीही विचारावे आणि पंचांनी जबाब द्यावा, ही रीत. आणि तो नारळ फुटल्याशिवाय गावात कुणाच्या लग्नाची हळद लागत नाही. नारळ फोडण्याचा मान आमच्या घराचा, म्हणजे सासऱ्यांचा. पण आजवर कुणी काही विचारले नव्हते. देवीच्या पैशाला हात लावायची कुणाची छाती नव्हती, आणि सरकारच्या पैशाबद्दल विचारायची कुणाची छाती नव्हती.

मी म्हटले, "पण काकी, इहिरीचा पैका देवीचा न्हाई. पाटील म्हणल सरकारी हाय."

काकीने वाटीतले पाणी घागरीत ओतले. "मग आपण देवीचा करू."

एका मंगळवारी ती नदीतून सात गोटे घेऊन आली. आम्ही पाच-सहा जणींनी त्या अर्धवट विहिरीच्या काठावर ते धुऊन मांडले, हळदकुंकू वाहिले, दहीभाताचा निवद दाखवला. सात आसरा बसल्या. पाण्याच्या देवी त्या. एकदा आसरा बसल्या की विहीर त्यांची, आणि विहिरीचा पैसा देवाचा. पुरुष बघून गेले. कुणी हसले, पण गोटे हलवायला एकाचाही हात पुढे झाला नाही.

जत्रा झाली. दुसऱ्या दिवशी आम्ही बाया पाराच्या खाली, लिंबाच्या बाजूला बसलो. काकीने विचारायचे असे ठरले होते. माझ्या तोंडून परक्यासमोर शब्द फुटत नाही, हे तिला ठाऊक होते. हिशेब झाला. सासरे नारळ घेऊन उभे राहिले.

"कुणाचं काही म्हणणं हाय का?"

काकी काठी टेकून उठली. "हाय. आसरांच्या इहिरीचा हिशेब न्हाई झाला."

मागून कुणीतरी पुरुष म्हणाला, "का रं, बायांना कुणी आवतन दिलं?" आणि हशा पिकला.

पाटील बसल्या जागेवरून म्हणाला, "ती इहीर सरकारी हाय."

"सरकार हळदकुंकू वाहतंय व्हय तिथं?"

या वेळी बाया हसल्या. पाटलाचा चेहरा उतरला आणि मग तो तेच बोलला जे अशी माणसे शेवटी बोलतात. "पांढरं कपाळ घेऊन देवाच्या कामात बोलायचं न्हाई. बस खाली."

काकी बसली. तोवर तिला गप्प झालेले मी कधी पाहिले नव्हते. जिने विहिरीसाठी नवऱ्याचे गोठ दिले, तिला नवरा नाही म्हणून विहिरीबद्दल बोलायचे नाही! आणि पारावर बसलेल्या एकालाही त्यात वावगे वाटले नाही. आज हे लिहिताना सुद्धा माझे कान तापतात.

"कुणाचं काही म्हणणं हाय का?" दुसऱ्यांदा झाले. तिसऱ्यांदा झाले. सासऱ्यांनी नारळ उचलला.

मी पदर तोंडावर ओढून म्हणाले, "इहिरीला किती पैका आला आन कुठं गेला?"

माझा आवाज शेजारणीच्या पुढे गेला नाही. ती म्हणाली, "काय म्हणती गं?" मी पुन्हा सांगितले. तिने पुढचीला सांगितले, पुढचीने तिच्या पुढचीला, आणि दर तोंडागणिक ते मोठे होत गेले. सगळ्यात पुढे तेलीण बसली होती. तिचा आवाज वेशीपर्यंत जायचा. ती ओरडली, "मामा, नारळ थांबवा! तुमची सून इचारती, इहिरीचा पैका कुणी खाल्ला?"

खाल्ला असे मी म्हटले नव्हते. पण ते खोडायला मी उठले नाही.

सासऱ्यांचा हात वरच राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. पाटलाला म्हणाले, "पाटील, रीत हाय. जबाब द्या."

पाटील म्हणाला, "समदे कागद तहसिलीत हायेत. माहिती मागवावी लागंल."

दिल्लीचा साहेब आणि आमचा पाटील एकाच शाळेत शिकले असावेत! मला दादाचा तो सभासद आठवला, पण माझा दुसरा प्रश्न तयार नव्हता. जो सुचला तो फार वाईट होता, कारण त्याचे उत्तर आमच्या घरातच होते. तरी मी तेलिणीकडे सरकले आणि तिच्या कानात सांगितले.

ती उभी राहिली. "ती इचारती, तहसीलदार साहेबाला कोणती इहीर दावली? म्हणती, मामा संगं होते, तेंनीच सांगावं."

सासऱ्यांच्या हातात देवीचा नारळ. पाटलाकडे बघून खोटे बोलायचे तर तो नारळ हातात घेऊन बोलायचे. ते मोठ्या मनाचे नव्हते, भित्रे होते, माझ्यासारखेच. पण देवीला पाटलापेक्षा जास्त भीत.

"मळ्यातली दावली," ते म्हणाले. मग त्यांनी नारळ न फोडता देवीपुढे ठेवला आणि घरी निघून आले.

घरात महिनाभर त्यांनी माझ्या हातचे पाणी घेतले नाही. सासूबाईंनी माझ्या माहेरचा उद्धार केला, इंग्रजी हद्दीतल्या पोरी घरात आणू नयेत म्हणाल्या. आमच्या घरधन्यांनी फक्त एवढेच म्हटले, "पुढल्या खेपेला जरा मोठ्यानं बोल. मला मागं काहीच ऐकू आलं न्हाई."

नारळ तसाच देवीपुढे राहिला. वैशाखातली पाटलाच्या घरची हळद अडली. वडवणीकडच्या सोयऱ्यांना कळले आणि त्यांनी विचारायला माणूस पाठवला. चाळीस घरांच्या तहानेने जे झाले नाही ते एका हळदीने झाले. याचाही मला रागच येतो. आम्ही उन्हात वाळू उकरत होतो तेव्हा पाटलाला लाज नव्हती. ती आली सोयऱ्यांसमोर.

पाटील आमच्या ओसरीवर आला. म्हणाला, निम्मे आत्ता देतो, निम्मे लग्नानंतर. मी दाराआड होते. सासरे म्हणाले, "नारळ निम्मा फुटत न्हाई, पाटील." माझे सासरे असे बोलू शकतात हे मला माहीत नव्हते. बहुधा त्यांनाही नसावे.

मग पाटलाने पैसे पारावर आणले. गाव जमले होते. काकीला सासऱ्यांनी पुढे बसायला सांगितले आणि या वेळी तिच्या कपाळाचे कुणी नाव काढले नाही. पाटील मोगलाईचे हाली रुपये मोजताना असा तोऱ्यात बसला होता, जणू पदरचे दान करतोय. मध्ये एकदा हात थांबवून म्हणाला, खणाईची मजुरी यातून वळती करा. मजुरी घेतलेले दोघे वडार तिथेच उभे होते. त्यांनी आपली मजुरी सांगितली, पंचांनी तेवढीच वळती केली, फुटका पैसा जास्त नाही. जोंधळ्यांची किंमत आली. दागिन्यांची आली. काकीच्या गोठांना पाटलाने कमी भाव लावला, तेव्हा पंचांनी सोनाराला बोलावून तो पुन्हा लावायला लावला. लोकल फंडाची उचललेली रक्कमही त्याने पुढे सरकवली. सासऱ्यांनी पंचांकडे पाहिले, पंचांनी बायांकडे पाहिले. काकी म्हणाली, "पुरं झालं." गावाचा सगळा पैसा परत आला होता.